पाण्याच्या नळीतला विषाणू

३ मार्च, दुपारी ४.१०
दहाव्या नळीचीही रेघ चढली. अकरावीची चढतेय. चढली. अकरापैकी अकरा.
मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी विचारेल की त्या क्षणी कसं वाटलं. शांत वाटलं. भूक लागली होती.

३ मार्च, संध्याकाळी
आता सविस्तर. त्वचेचा हा कॅन्सर इतका दुर्मिळ की आमच्या हॉस्पिटलकडे अठरा वर्षांत अकराच पेशंट. त्यांच्या गाठी मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवल्यात. इतर देशांत अशा दहातल्या साधारण आठ गाठींमध्ये एक विषाणू सापडतो. उरलेल्या उन्हामुळे होतात. आपल्याकडे किती, एवढंच आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना बघायचं होतं. ठोकळ्यातून पातळ काप काढायचा, नळीत घालायचा, मशीनमध्ये ठेवायचा. विषाणू असेल तर स्क्रीनवर रेघ चढते.
दहापैकी आठ, इतरांना. मला अकरापैकी अकरा. शेवटी हातगुण असतोच.
मॅडमनी विचारलं, पाण्याची नळी कुठे आहे. दर वेळी एका नळीत पेशंटचं काही न घालता नुसतं पाणी घालायचं, आणि ती कोरी यायला हवी, असा त्यांचा नियम. मी म्हटलं, पाण्यात पाणीच असणार, उगाच एक नळी फुकट. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुकाने असावं.

४ मार्च
संकल्प. रिसर्च पेपरवर पहिलं नाव माझं. रोज अर्धा तास चालायचं, उद्यापासून. ज्युनियरला हाताशी धरून तयार करायचं.
ज्युनियर तीन महिन्यांपूर्वी लागली. दर दहा मिनिटांनी हातमोजे बदलते. तुम्ही का घालत नाही, असं तिने विचारलं. मी समजावलं की मोज्यांतून बोटांना नळीचं झाकण कळत नाही, आणि विचार करताना मला कपाळ खाजवावं लागतं, ते मोज्यांनी नीट होत नाही. बावीस वर्षं असंच चाललंय. तिने वहीत लिहून घेतलं. शिकण्याची हौस आहे मुलीला.

५ मार्च
माळीकाका आले. तीस वर्षं हॉस्पिटलची बाग सांभाळली, आता रिटायर. आमच्या अकरांतले सात नंबर. गेल्या वर्षी कानामागची गाठ काढली, सध्या ठणठणीत. सोबत काकू. दोघांचं वर्षभर एकच भांडण. काकू म्हणतात, टोपी घाला म्हणून जन्मभर कानीकपाळी ओरडले, ऐकलं नाहीत, आता भोगा. काका म्हणतात, उन्हाने कुणाला काही होत नाही, हे विषाणूचंच काम.
रिपोर्टवर मॅडमची सही व्हायची आहे. पण माणूस किती ताटकळणार? हळूच सांगितलं, विषाणू.
काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि काकूंच्या हातात दिली. म्हणाले, "घे, आता तू घाल."
एका संसाराला न्याय मिळाला. चालायचं आज राहिलं.

९ मार्च
काका भर दुपारी बोडक्याने हिंडताना मॅडमना दिसले, त्यातून सगळं कळलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, काकांचा पुढचा सगळा तपास या उत्तरावर आहे. गाठ विषाणूची असेल तर ती परत येतेय का, याची चाहूल रक्तात लागू शकते. विषाणूची नसेल तर त्या तपासणीचा उपयोग नाही, स्कॅनवरच भिस्त ठेवायची. उत्तर चुकलं तर आपण पुढच्या दाराशी पहारा देत बसू आणि चोर मागून येईल.
काकांच्या ठोकळ्यात दोनच काप निघतील एवढं उरलंय. पुन्हा करा, पाण्यासकट.
करतो. शंका येणं हा मोठ्या माणसांचा स्वभावच असतो.

१० मार्च, दुपारी १२
पुन्हा अकरापैकी अकरा. पाण्याचीही रेघ चढली.

१० मार्च, दुपारी १
चहा घेतला. कपाळ खाजवलं. उलगडा झाला. विषाणू पाण्यात आहे.
जग इतकी वर्षं कातडीत शोधत बसलं.

११ मार्च
कॅन्टीनचं पाणी: आहे. गच्चीवरच्या टाकीचं: आहे. सीलबंद बाटलीचं: आहे. आमच्या घरचं: आहे, आणि भरपूर.
बायकोला पाणी पिऊ नकोस म्हणून सांगितलं. तिने माझ्यासमोर पेलाभर प्यायलं. म्हणाली, मागच्या वर्षी घराच्या प्रत्येक खोलीत गॅसचा वास येत होता, गॅसवाल्याला दोनदा बोलावलं, आणि शेवटी लायटर गळत होता तो तुझ्याच खिशात.
या गोष्टीचा इथे काय संबंध ते कळलं नाही.

१२ मार्च
ज्युनियरने तीच चार पाणी तपासली. चारही कोरी. बिचारीला अजून जमत नाही. बावीस वर्षांनी येईल, म्हणून धीर दिला. नळ्या जरा हातात घेऊन बघतो म्हटलं, तर ट्रे उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. न्यूनगंड.
भाषणाचा मसुदा लिहायला घेतला. सुरुवात: "पाणी म्हणजे जीवन, असं आपण समजत होतो."

१६ मार्च
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. इस्त्रीचा कोट घालून गेलो. त्यांनी ओल्या कापसाची काडी माझ्या कपाळावरून फिरवली, दुसरी बोटांवरून. फिरवता फिरवता सांगत होत्या की हा विषाणू बहुतेक धडधाकट माणसांच्या कातडीवर असतोच. निमूट राहतो. क्वचित एखाद्याच्या पेशीत शिरून तिच्या डीएनएत अडकतो आणि मग गाठ होते. म्हणून तो नुसता सापडणं पुरेसं नाही, तो गाठीतलाच आहे ना, हे बघावं लागतं.
मी म्हटलं, हे मला माहीत आहे.
"माहीत असणं वेगळं," त्या म्हणाल्या, "आणि हातमोजे घालणं वेगळं."
काडी कशासाठी ते विचारायचं राहिलं. बहुधा स्टाफची आरोग्य तपासणी.

१७ मार्च
माझी रेघ चढली. ज्युनियर म्हणाली, इतकी झटकन चढलेली रेघ तिने अजून पाहिली नव्हती. अभिमान वाटला. तीनेक सेकंद.
मग हळूहळू लक्षात आलं. कपाळ. बोटं. झाकणं. कॅन्टीनचं पाणी. बाटलीचं पाणी. लायटर.
मला काही होणार नाही ना, असं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "विषाणूकडून शक्यता फार कमी, माझ्याकडून सांगता येत नाही."
काकांचा शेवटचा काप उरलाय. तो उद्या ज्युनियर करणार. मी खोलीत यायचं नाही.

१८ मार्च
काचेबाहेर उभा राहून पाहिलं. पाण्याची रेघ सपाट. अकरापैकी आठ चढल्या. तीन नाही. सात नंबर त्या तिघांत. नमुना खराब तर नाही ना, म्हणून ज्युनियरने त्यातला काकांचा स्वतःचा डीएनए तपासला. तो नीट होता. विषाणू नव्हता.
म्हणजे ऊन. म्हणजे काकू.
मॅडम म्हणाल्या, फोन तुम्ही करा. केला. काकूंनी उचलला. सांगितलं की मी चुकलो, विषाणू नाही, आता स्कॅनवर लक्ष ठेवावं लागेल. त्या जिंकल्या होत्या. चार शब्द ऐकून घ्यायची मनाची तयारी करूनच नंबर फिरवला होता.
"स्कॅनला कधी आणू त्यांना?" काकूंनी विचारलं. टोपीचं काही बोलल्या नाहीत.
पेपरमध्ये माझी नोंद असेल, असं ज्युनियर म्हणाली. विषाणू आढळलेली निरोगी व्यक्ती, एक.

१९ मार्च, सकाळी
काका नऊला स्कॅनसाठी आले. टोपी घातली होती. काकूंनीही एक घातली होती.
माझ्या टेबलावर हातमोज्यांचं नवं खोकं होतं, वर ज्युनियरच्या अक्षरात माझं नाव. मोजे घातले. लगेच कपाळाला खाज सुटली. साडेनऊपर्यंत खाजवलं नाही.