पप्पांचा फोटो सोडताना

शनिवार संध्याकाळ, गिरावीन

पप्पांना जाऊन वर्ष होतंय. उद्याच्या चर्चमधल्या मिस्सानंतर वाटायच्या कार्डांसाठी मी घरीच छोटा प्रोग्राम लिहिलाय. वसईहून इथे परदेशात माझ्याकडे आलेल्या आईला म्हटलं, त्यांचा फोटो फोल्डरमधून माऊसने ओढून माझ्या विंडोत सोड. ती अर्ध्यातच थांबली. बोट दाबलेलंच.

"सोडला की तिकडचा जाईल ना गं?"

"नाही गं. अजून तुझ्या हातात फोटो आलेलाच नाही."

बोलून गेले आणि मीच चकित झाले. इतकी वर्षं हेच काम करतेय, तरी! ओढताना दिसते ती नुसती सावली, फोटो जागचा हलतच नाही. बोट उचललं की माझा प्रोग्राम फोटो मागतो, तेव्हा कुठे फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रामकडून त्याची प्रत येते. तोवर दोन्ही प्रोग्राम त्या एका दाबलेल्या बोटाकडे बघत थांबलेले. कुणाला सुचलं असेल हे?

आईने बोट उचललं. पप्पा कार्डावर आले. तिने लगेच जुन्या जागी पाहिलं. तिथेही होतेच.

मी विंडो बंद करायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला.

"थांब. अजून एकदा आणते त्यांना."