तिन्ही ग्लासांना वास नाही

दादा,

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बिअरच्या तीन बाटल्या ठेवल्यात. तिन्हींत धान्य एकच, फक्त वासासाठी घातलेली हॉप्सची फुलं वेगळी. पहिलीला संत्र्याच्या सालीचा वास यायला हवा, दुसरीला देवदाराच्या लाकडाचा. तिसरी ती नवीन जात, जिला पिकलेल्या अननसाचा वास येतो असं हॉप्स विकणारा म्हणत होता. यातली कुठली घ्यायची ते तू आणि वहिनी चाखून ठरवा. माझ्यासाठी थांबू नका.

सकाळपासून पुन्हा पुन्हा ग्लास भरून बसले. कडूपणा जिभेला कळतो, बाकी तिन्ही सारख्याच. तापानंतर नाक गेलं, ते सर्दीमुळे असं तुला सांगत आले. सर्दी कधीच गेली. डॉक्टरांना विचारलं, वास परत येईल का. म्हणाले, "इतके महिने झाले, आता फार आशा धरू नका."

"हिचं नाक आहे म्हणून आपली भट्टी आहे," असं तू येईल त्याला सांगतोस. आता सांगू नकोस. माझ्या जागी कोणीतरी बघ.

मी आत्याकडे जातेय. फोन केलास तर उचलेन, पण धीर देत बसू नकोस, ऐकवत नाही.

वहिनीला एवढंच सांग. काल तिने बाळाला न्हाऊ घालून माझ्या हातात दिलं, तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच्या टाळूला नाक लावून बसले होते. तिला वाटलं, लाड करतेय. मी वास शोधत होते.

छोटी