सात फेऱ्यांचं तिकीट

आबा, परवा नातवाला घेऊन मी एका मोठ्या पार्कात गेले होते. आत शिरायच्या तिकिटातच तुमच्या काळी आपल्या खोलीचं वर्षाचं भाडं निघालं असतं. वर आणखी, ज्याला रांगेत उभं राहायचं नाही त्याच्यासाठी वेगळं महाग तिकीट! दीड तास उन्हात तापल्यावर नातवाला दोन मिनिटांचा झोका मिळाला. सून म्हणाली, "जाऊ द्या ना आई, सगळीकडं असंच असतं." झोका चालवणाऱ्या माणसाचा हात लोखंडी दांड्यावर होता आणि मी सगळा वेळ त्या हाताकडंच बघत होते. घरी आल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आपल्या चिंचवडच्या चाळीमागं, रेल्वेलाइनच्या अलीकडच्या माळावर दिवाळीच्या तोंडावर आनंदमेळा यायचा, आठवतंय? आई म्हणायची, कंपनीचा बोनस कधी होणार हे युनियनच्या आधी मेळ्याच्या मालकाला कळतं. पहिल्या वर्षी आत जायला काहीच पडत नव्हतं आणि आकाशपाळण्याला चार आणे होते. पोट भरेस्तोवर फिरवायचे. मग कंपन्या वाढल्या, गावोगावची माणसं खोल्या करून राहिली, गर्दी वाढली. माळाला पत्र्याचं कुंपण आलं, दारावर तिकीट आलं. मी नऊ वर्षांची झाले त्या वर्षी पाळण्याचा एक रुपया झाला आणि फळीवर रंगवून लिहिलं होतं, 'सात फेऱ्या'. लोक शिव्या घालत होते आणि खिडकीशी रेटारेटीही करत होते. आपणही त्यातलेच.

पाळण्यासाठी एकच रुपया परवडणार होता, म्हणून मी एकटीच बसले. तुम्ही आणि आई पाळण्याभोवतीच्या दोरीच्या कुंपणाशी थांबलात. खाली उतरले तेव्हा आईची चप्पल गर्दीच्या रेट्यात तुटली होती आणि तुम्ही लोकांच्या पायांत वाकून ती शोधत होतात. कुणीतरी तुमच्या हातावर पाय दिला असावा, कारण वर आलात ते लालबुंद होऊन. मला दंडाला धरलंत आणि विचारलंत, "किती फेऱ्या दिल्या गं?" मी म्हणाले, "चार."

तुम्ही कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होतात. डाव्या हाताची दोन बोटं मशीननं खाल्ली होती, तरी शिफ्ट संपली की आपण किती नग काढले हे तुम्ही सुपरवायझरच्या आधी सांगायचात. त्यानं दहा कमी लिहिले म्हणून एकदा त्याची कॉलर धरली होतीत. मोजणीत फसवलेलं तुम्हाला खपत नसे. पाळणा चालवणारा माणूस मराठवाड्याकडचा होता, हाडकुळा, तुमच्याच वयाचा. तुम्ही कुंपणाची दोरी ओलांडून त्याच्यासमोर गेलात.

"फळीवर सात लिवलंय. माझ्या पोरीला चारच दिल्या."

"सात झाल्या, दादा. म्या सोता मोजल्या."

"माझी पोर खोटं बोलत न्हाई!"

पहिली थप्पड त्याला कळायच्या आत बसली. दुसरी नाकावर. तो इंजिनाशेजारी पडला, तर तुम्ही त्याला उठवून पुन्हा मारलंत. मागून लोक ओरडत होते, "हाना राव, लुटलंय ह्यांनी!" मग तेही घुसले. ज्याला कंपनीत वर तोंड करून बोलता येत नव्हतं तो त्या माणसाच्या बरगडीत लाथ घालून मोकळा होत होता. त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडलेला मी पाहिला. आई किंचाळत होती, "अवो, सोडा त्याला!" तिचं कोण ऐकतंय!

पाळणा तेव्हा माणसांनी भरलेला होता. तुम्ही इंजिनाचा दांडा हातात घेतलात आणि गर्जना केलीत, "आता मी देतो सात!" कारखान्यातल्या माणसाला कुठलंही यंत्र आपलंच वाटतं. फिरवलातही झकास. एक, दोन, तीन, सगळा माळ तुमच्याबरोबर मोजत होता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तुमचा फार अभिमान वाटला. सात झाल्यावर पाळणा थांबवून तुम्ही म्हणालात, "रांगेनं उतरा, गडबड न्हाई." आणि तिथंच घात झाला. तो माणूस बसायचा एक खोका रिकामा केला की मग समोरचा करायचा, कारण वजन दोन्हीकडं सारखं लागतं. तुम्ही एकामागोमाग एक पाच खोके रिकामे केलेत. तो जमिनीवरून ओरडला, "दादा, समोरचा! समोरचा उतरवा!" तुम्ही वळून त्याला शिवी दिलीत.

मग पाळणा आपोआप सुटला. जड बाजू धाडकन खाली आली, पट्टा तुटून इंजिनावर आपटला, वरच्या बायका टाहो फोडू लागल्या. दांडा तुमच्या हातातून निसटला आणि तुम्ही मागं फेकले गेलात. तो मार खाल्लेला माणूस उठला, धावला आणि ब्रेकच्या लाकडाला खांदा लावला. ते घसरलं, तसा त्यानं लाकडाच्या जागी चाकात हात घातला. पाळणा थांबला. त्याचा हात मनगटापासून चेचला गेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. वरची माणसं सगळी वाचली. ती खाली उतरली आणि, आबा, त्यांनी त्यालाच पुन्हा मारलं. नादुरुस्त पाळणा लावतो म्हणून. तिकिटाची खिडकी फोडली, पत्रे उपटले. तुम्ही बघत होतात. 'मी फिरवला' एवढं एक वाक्य बोलला असतात तर निदान ते थांबले असते. तुम्ही मला खांद्यावर टाकलंत आणि घराकडं निघालात.

घरी आई म्हणाली, "त्याचा हात गेला. तुमाला तरी कळायला पायजे, हात जाणं म्हंजी काय." तुम्ही तिच्या तोंडावर पितळी फेकलीत. भुवई फुटली तिची. त्याआधी तुम्ही तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. नंतर ती सवयच झाली.

पुढं मेळा आला नाही. विषय निघाला की तुम्ही एकच बोलायचात, "पर चारच दिल्या व्हत्या. माझ्या पोरीनं मोजल्या." पाहुण्यांना सांगायचात, मला साक्षीला उभं करायचात. शेवटच्या दुखण्यात बोलणं जड झालं होतं, तरी माझा हात धरून विचारलंत, "चारच ना गं?" मी म्हणाले, "व्हय आबा, चारच." तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, बापाला सुखानं मरू दिलं. त्या माणसाचं पुढं काय झालं, हे मी कधी शोधलंसुद्धा नाही.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही आणि टपालात टाकायला तर पत्ताच नाही. तरी लिहिते. आबा, मी मोजल्याच नव्हत्या. पाळणा वर निघाला तसे भीतीनं डोळे गच्च मिटले, ते पाय जमिनीला लागेपर्यंत उघडलेच नाहीत. तुम्ही दंड धरून विचारलंत तेव्हा तुमचं तोंड बघितलं आणि वाटलं, सात म्हटलं तर मार मला बसेल.