तक्रार असल्यास बहात्तर तासांत

(पहिल्या पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत, नंतर लिहिलेलं)

अन्याय घडला तो सोमवार, १० मार्च, सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी. आधी इथे ‘वीस’ लिहिलं होतं. ते मी स्वतः खोडलं आहे. बाकी सगळं खाली क्रमाने.

रविवार, ९ मार्च

पोचलो एकदाच्या! शेवटच्या वळणावर तळं असं अचानक समोर आलं की मीसुद्धा मान वळवून बघितलं. खोली स्वच्छ, खिडकी तळ्याकडे, नळाला खरोखरच गरम पाणी. टॉवेल पातळ आहे, पण आज तेवढं माफ.

मी म्हटलं तळं हिरवं आहे. धाकटी म्हणाली, निळं. यावर गावात शिरेपर्यंत भांडलो. निवृत्तीनंतर आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो, ते असं. माझ्या अडुसष्ट वर्षांत तिने माझं एक वाक्य धड उभं राहू दिलेलं नाही. घड्याळात मी दहा म्हटलं की तिच्या घड्याळात दहा पाच.

ही सहल तिच्या लेकीची भेट. भाची गुरुवारी सकाळी अकराच्या बसने आम्हाला न्यायला येणार आहे.

इथे म्हाताऱ्यांनी बघण्यासारखं काही नाही. जो तो कशाला तरी लटकतो नाहीतर कुठून तरी उडी मारतो. धक्क्यावर मोटरबोटीला दोर बांधून माणसाला पतंगासारखं वर सोडतात. तळ्याच्या मधोमध एक ढग बसलेला आहे, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. माणूस त्यात शिरतो, दोर चक्रीवर गुंडाळतात, माणूस परत. धाकटीला तेच करायचं आहे. मी म्हटलं, त्रेसष्टाव्या वर्षी शोभतं का? ती म्हणाली, ताई, तू खाली उभी राहून शोभून दिस, मी वर जाते.

सोमवार, १० मार्च

गेली. नाहीच ऐकलं. वर जाताना तोंडाचा पट्टा चालूच होता, ढगात शिरेपर्यंत ऐकू येत होता. मग एकदम बंद. दोर क्षणभर सैल पडलासा वाटला.

ती उतरली तेव्हा माझी पाठ होती. तरंगायची जाकिटं देणाऱ्या बाईशी वाद चालला होता. तिने नोंदवही पुढे केली आणि मी बोलता बोलता सही ठोकली. दहा वीस झाले होते.

धाकटी किनाऱ्यावर उभी होती, ओलीचिंब, हसत. मी म्हटलं, दहा वीस झाले, चल, नाश्ता बंद होईल. ती म्हणाली, हो, ताई.

नुसतं ‘हो, ताई’! आयुष्यात पहिल्यांदा. मनात म्हटलं, रोज पाठवायला हवी हिला.

जाकीट मात्र काढेना. परत मागायलाही कुणी आलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

जाकीट अजून अंगावरच. झोपली त्यातच. केस टॉवेलने तीनदा पुसले, पुन्हा ओले. ती बसते त्या खुर्चीखाली पाणी साचतं. हात धरला तर ढगात हात घातल्यासारखा गार.

कॉफीत मी मुद्दाम चार चमचे साखर घातली. मुकाट्याने प्यायली. मी म्हटलं, तळं हिरवं आहे. म्हणाली, हिरवंच. मी म्हटलं, नाही गं, लाल आहे. म्हणाली, लालच, ताई.

मग मी पुस्तकाचा विषय काढला. हे कुणाला कधी सांगितलेलं नाही, पण आता लिहावं लागतं. शाळेत अकराव्या वर्षी अक्षरासाठी बक्षीस मिळालेलं पुस्तक रागाच्या भरात मीच फाडलं आणि नाव धाकटीचं सांगितलं. मुख्याध्यापिका मदरनी त्या सहा वर्षांच्या पोरीला दिवसभर बाकावर उभं केलं. तेव्हापासून सत्तावन्न वर्षं आमचं प्रत्येक भांडण तिच्या एकाच वाक्याने संपतं: आणि पुस्तक तू फाडलंस. मी एकदाही कबूल केलेलं नाही.

आज मी विचारलं, पुस्तक कुणी फाडलं? ती हसली. म्हणाली, मी फाडलं, ताई.

ही माझी बहीण नव्हे.

दुपारी धक्क्यावरच्या कचेरीत गेले. व्यवस्थापकांनी अतिशय अदबीने नोंदवही उघडली. माझ्या सहीच्या वर बारीक अक्षरात छापलं आहे: ‘व्यक्ती तपासून ताब्यात घेतली. तक्रार असल्यास बहात्तर तासांत.’ म्हणाले, मॅडम, सही आपलीच ना?

चौतीस वर्षं विमा कचेरीत दावे तपासताना हेच वाक्य मी समोरच्या माणसाला ऐकवलं. सही आपलीच ना? मग प्रश्न मिटला. आज कळलं, ते ऐकून कुणी एकदम उठून का जात नसे. माणूस आपलीच सही पुन्हा पुन्हा वाचत बसतो.

लेखी तक्रार दिली.

बुधवार, १२ मार्च

तक्रार फेटाळली. कारण काय, तर मी वेळ दहा वीस लिहिली आणि नोंदवहीत दहा पंचवीस आहे. मी म्हटलं, माझं घड्याळ कधी चुकत नाही. व्यवस्थापक म्हणाले, सगळे असंच म्हणतात.

हॉटेलच्या व्हरांड्यात शेजारच्या खोलीतले गृहस्थ भेटले. त्यांच्या बायकोच्या अंगावरही जाकीट. खुर्चीखाली पाणी. मी हळूच विचारलं, तुम्ही तक्रार केलीत का? त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. म्हणाले, बाई, तीस वर्षांत इतकी शांत सुट्टी मिळाली नव्हती, तक्रार कसली करता! ती बाई मान डोलवत होती. मग सगळं माझ्या लक्षात आलं. आख्खा व्हरांडा मान डोलवत होता.

तिथून उठून धक्क्याच्या टोकाला गेले. भर दुपार, लख्ख ऊन. बोट बांधलेली, दोर गुंडाळलेला, आकाशात कुणी नाही. फक्त तो ढग.

मी मोठ्याने म्हटलं, दहा वीसच झाले होते.

आणि वरून, ढगातून, बसलेल्या घशाने—

पंचवीस!

दोन दिवस ओरडते आहे ती तिथे. आणि मी खाली हिला साखर घालून कॉफी देत होते.

घड्याळ इथल्या रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं. पाच मिनिटं मागे आहे. बहुधा वर्षानुवर्षं.

गुरुवार, १३ मार्च, सकाळी नऊ दहा

(रेडिओप्रमाणे.) वेळ दुरुस्त करून दुसरा अर्ज दिला. आता म्हणतात, ठीक आहे, पण वरची व्यक्ती तक्रारदाराने स्वतः वर जाऊन ओळखून आणायची. मुदत दहा पंचवीसपर्यंत. मी म्हटलं, आणते. जाकीट द्या.

नऊ चाळीस

जाकीट ओलं आहे. कुणाचं होतं, विचारलं नाही. तिला वर जाऊन काय सांगायचं ते ठरलं आहे. आधी पुस्तकाचं. मग बाकीचं.

नऊ पंचावन्न

बोटवाल्याने पट्टे आवळले. नोंदवही आली. मी उतरले की मला तपासून ताब्यात घ्यायला नातेवाइकाची सही लागते. म्हणे नातेवाईक हजर आहे.

ती माझ्या शेजारी बसली आहे. हातात पेन. ती कशालाही नाही म्हणत नाही. समोर येईल त्यावर सही करील—

भाचीची बस अकराला. फार उशीर.

दहा पाच

व्यवस्थापकांस. माझ्या अर्जाचं लेखी उत्तर आज दहा पंचवीसच्या आत हवं. तोंडी चालणार नाही. माझ्या वतीने या व्यक्तीची सही मला मान्य नाही, मान्य नाही, मान्य नाही. मान्य नसल्याची पोच द्या.

ती खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, अगदी बरोबर लिहिलंस, ताई.

दहा बारा

बोट सुरू झाली. वही जाकिटांच्या बाईकडे देते आहे, भाचीला द्यायला. बाळ, नीट वाच. मी उतरलेली असेन, ओली, हसत. माझ्याशी तळ्याच्या रंगावरून भांड. तुझ्या केसांना, बसच्या वेळेला, तुझ्या आईला मी नावं ठेवते का बघ. मी ‘हो, बाळ’ म्हटलं, तर बहात्तर तास धर, रेडिओची वेळ धर, आणि लेखी—

दोर ताणला, बाई वहीसाठी हात पुढे करून उभी आहे. वरून ती ओरडते आहे, पुस्तक तू फा—

हो गं! हो, मी फाडलं, मीच, आले, थांब, वर आ—