शिखर लांबून दिसते

चि. प्रेरणा,

परवा आपल्या महादेवाच्या देवळावर कळस चढला. चढवायच्या आधी गावच्या लग्न झालेल्या लेकी कळसाले हात लावतात, हा रिवाज तुले माहीतच आहे. लेकींची यादी माइकवर मीच वाचली. तुहं नाव त्यात होतं. मी ते गाळून पुढचं वाचलं. तू आपल्या मनानं लग्न केलं त्याले सहा वर्षं झाली, तरी माही जीभ वळली नाही.

मंग कीर्तनात महाराजांनी शिखराचा अर्थ सांगतला. शिखर म्हणजे डोंगराचा माथा. गाभारा म्हणजे त्याच डोंगरातली गुहा, देव तिथं अंधारात राहते. पण ज्याले आत येता येत नाही, त्यानं लांबून शिखर पाहून हात जोडले तरी देवाले पोचते. म्हणून ते एवढं उंच बांधतात.

लोक माना डोलवत होते. मी सतरंजीकडं पाहत बसलो.

तू नेरच्या एसटीनं आपल्या फाट्यावरून जाते, पण उतरत नाही, असं कंडक्टर सांगते. उतरू नको म्हणणारा मीच होतो.

आता थकलो मी, माय. पण हे पत्र पेटीत टाकायची हिंमत होत नाही. आपल्या घराले शिखर नाही. म्हणून तुही जुनी जांभळी ओढणी मी रोज गच्चीवर वाळत घालतो. फाट्यावरून दिसते, मी जाऊन पाह्यलं.

काल तुही आई म्हणे, "कोरडीच तर आहे, कायले वाळत घालता?"

मी म्हटलं, "राहू दे."

गच्चीवरून,
तुहे बाबा