साठ पानांचं लग्न

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
८ एप्रिल २०२५

तीर्थरूप सयाजीदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि वहिनी निरोप सांगताना पदरचे चार शब्द घालते; म्हणून हे पत्र.

आपल्या नंदूचं लग्न वैशाखात ठरलं. जावई सम्राट, उचगावचे. दोघांनी बजावून सांगितलंय, कर्ज काढायचं नाही. साठवलेल्यात बसेल तेवढंच, पण देखणं. देवळावरचा छोटा हॉल घेतला. दोन्हीकडची मिळून साठ पानं. स्टेज नाही, दोन समया, निशिगंधाचे हार, आणि नंदू माझाच शालू नेसणार. हिशेब मांडून बघितला, अंबाबाईच्या कृपेनं बसतो.

पहिली अक्षत देवीला ठेवून आले. माहेरच्या अक्षता सोबत पाठवते. भावकीत चारच घरी जा, घरटी एकाच माणसाला सांग. नवरीच्या पाठीशी मामा म्हणून तूच उभा राहायचास, तेव्हा तंबाखू कमी कर.

वहिनीला नमस्कार. आहे ती माया वाढती ठेव.

तुझी धाकटी,
शालन

शाहूवाडी
१५ एप्रिल

चि. सौ. शालनला अनेक आशीर्वाद.

माझ्याकडनं घोटाळा झालाय. अक्षत घेऊन आधी तानाबाई चुलतीकडं गेलतो. तिनं इचारलं, चूलबंद न्हवं का? उंबऱ्यात उभं राहून एकटीच ये म्हणायला जीभ रेटली न्हाय. व्हय म्हणालो. तुला ठावं हाय, चूलबंद म्हंजी तान्ह्या पोरापासनं म्हाताऱ्यापातूर समदं घर जेवायला. त्या दिशी घरात चूल पेटवायची न्हाय. मग एकीला चूलबंद आणि शेजारणीला एकटीच ये, हे कसं सांगू? अख्खी भावकी फिरलो की! तुझी वहिनी म्हणती, ट्रक करावा लागंल.

आता शब्द मागं घ्यायला पाय उचलत न्हाय. ह्यास्नी उपाशी ठेवून पोरीच्या मागं कुठल्या तोंडानं उभा राहू? येतील तर समदी, न्हायतर मी बी येत न्हाय. रेडकू इकून पैसं धाडतो, मोठा हॉल बघ. रागावू नको.

तुझा,
सयाजीदादा

राजारामपुरी
१९ एप्रिल

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नको म्हणतोस, पण मनातल्या मनात तुला खूप बोलले आणि मग देवापुढं जाऊन बसले. रेडकू विकायचं नाव काढू नकोस. मोठा हॉल घेतला तर पोरीचा शब्द मोडतो, नाही घेतला तर तुझा. आणि मामाशिवाय पोरगी बोहल्यावर उभी करायची, हे माझ्यानं व्हायचं नाही.

हे म्हणाले, घेऊन टाकू मोठा हॉल, कर्जाचं मी बघतो. नंदू आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, लग्न माझं आहे, मीच जाऊन सांगते. नवरी मुलगी कधी दारोदार फिरते का, असं मी दरडावलं, तर म्हणाली, आता फिरेल. काय सांगणार ते मला बोलली नाही. मामाला खोटं पाडणार नाही, एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारच्या एसटीनं येतेय. तिला अडवू नकोस, आणि ती बोलताना मध्येच तोंड घालू नकोस. माझा जीव टांगणीला लागलाय. लगेच चार ओळी लिही.

शालन

शाहूवाडी
२ मे

चि. सौ. शालनला आशीर्वाद.

पोरगी सरळ तानाबाईच्या दारात. म्हणाली, आज्जी, मामानं मायेपोटी समद्यांस्नी सांगितलं, पण हॉलात पानं साठच. समद्यांस्नी जेवायला घालायची आमची ऐपत न्हाय. पण केळवणाचा मान तुमचा, आणि तुम्ही तर अजून मला बोलावलंच न्हाय!

म्हातारी माझ्यावर वराडली, एवढा बाप्या, आणि तोंडात जीभ न्हाय? पोरीकडनं शिक जरा!

काल तिच्याच अंगणात केळवण झालं. कुणी तांदूळ आणलं, कुणी दूध, कुणी गूळ. रांधप समदं तिथंच. घराघरातली चूल बंद, नंदू मधी पाटावर. बायकांनी ओवाळलं तवा माझ्याच्यानं तिथं थांबवंना, गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

चूलबंदचा माझा शब्द तिथंच फिटला, तवा मी येतोय. फकस्त एक अडचण हाय. तानाबाई म्हणती, माझं पान सुनेला दिलं; मामा नवरीमागं उभाच राहणार, मग त्याची खुर्ची मोकळी. तिच्यावर मी बसणार, आणि पान बी माझंच. तिला बी मी व्हय म्हणालोय. तू एकसष्टावं पान मांडू नको. मी वाढायला उभा राहतो, मागनं उरलंसुरलं खाईन.

तुझा,
सयाजीदादा