‘जा’च्या पुढचं अक्षर

मुलुंड, गुरुवार, संध्याकाळ

आज बाबांचं बारावं झालं. पाहुणे गेल्यावर ताई सहज बोलून गेली, “त्या दिवशी तू कॉलेजला निघालास ना, तरी बाबा पापण्या मिचकावतच होते रे. मला कुठे कळतात तुझ्या खुणा?”

पक्षाघाताने त्यांची वाचा गेल्यावर ती पद्धत मीच बसवली होती. मी तक्त्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवायचो, हवं ते अक्षर आलं की ते पापणी मिचकावायचे. त्यांना दमायला होऊ नये म्हणून रोजचे शब्द मी तोडून टाकले. ‘पा’ म्हणजे पाणी, ‘दु’ म्हणजे दुखतंय, ‘जा’ म्हणजे तू जा आता.

त्या सकाळी ‘जा’ला त्यांनी पापणी मिचकावली. मी तक्ता ठेवला आणि निघालो. दुपारी ते गेले.

संकेतलिपी बनवताना एका शब्दाची खूण दुसऱ्या शब्दाची सुरुवात असता कामा नये, हे मी दरवर्षी कॉलेजात वर्गात शिकवतो. मग घरीच कसं विसरलो? ‘जाऊ नको’ म्हणत होते का? की खरंच जा म्हणाले? तक्ता अजून थोडा वेळ धरला असता तर...

ताईला विचारलं, “किती वेळ मिचकावत होते?”

“तू जिना उतरेपर्यंत. मग डोळे मिटून घेतले.”